मेट्रोच्या बोगद्यात थांबून ऐकताना

‘मेट्रो २०३३’ हा गेम मी पहिल्यांदा पूर्ण केला, तेव्हा त्याच्या शेवटी एक निवड करायची असते हेच मला ठाऊक नव्हते. मॉस्कोतल्या ओस्तांकिनो मनोऱ्याच्या माथ्यावर नायक आर्त्योम पोहोचतो, क्षेपणास्त्रांना वाट दाखवणारे यंत्र तिथे बसवतो, थोड्याच वेळात आकाशातून क्षेपणास्त्रे येतात आणि ‘डार्क वन्स’ नावाच्या काळ्या, उंच जीवांची वस्ती आगीत नाहीशी होते. मी खुर्चीत मागे रेलले. लातूरच्या आमच्या घरात रात्रीचे दीड वाजले होते, वरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता, आणि इतक्या रात्रींची मेहनत फळाला आली या समाधानात मी संगणक बंद करणार होते. तेवढ्यात मागे अंथरुणावर पडल्या पडल्या बघत असलेला माझा धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, तू ते यंत्र फोडलं नाहीस?”

यंत्र फोडता येते, हे मला त्याच्याकडून कळले. त्याने महिनाभर आधी हाच गेम याच संगणकावर पूर्ण केला होता आणि त्याला त्या मनोऱ्यावर काही क्षणांची मुभा मिळाली होती: यंत्रावर गोळी झाडून हल्ला थांबवायचा, की स्वस्थ उभे राहून तो होऊ द्यायचा. मला ती मुभा मिळालीच नाही. गेमने मला नाकारले असेही म्हणता येत नाही, कारण नाकारले गेल्याचे निदान माणसाला कळते तरी. “स्टेशनावर भीक मागत बसलेले असतात, त्यांना गोळी दिलतीस का?” त्याने विचारले. मी दिली नव्हती. ती माणसे मला नीटशी आठवतही नव्हती.

या गेमविषयी लिहायचे माझ्या मनात तेव्हापासून होते. ज्यांनी तो खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. दिमित्री ग्लुखोव्हस्की या रशियन लेखकाच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला हा गेम युक्रेनमधील कीव्ह शहरातल्या फोर-ए गेम्स या मंडळींनी तयार केला आणि तो २०१० साली आला. २०१३ साली अणुयुद्ध होते, मॉस्को बेचिराख होते, आणि जी माणसे त्या वेळी शहराखालच्या मेट्रोत होती किंवा तिथवर पोहोचू शकली, तीच उरतात. पुढची वीस वर्षे ती जमिनीखालीच काढतात. स्थानकांची गावे झालेली असतात आणि गावांची राज्ये: व्यापाऱ्यांची हान्सा, साम्यवाद्यांची रेड लाइन, वंशवाद्यांची राइख. ही कल्पना अधांतरी नाही. मॉस्कोची मेट्रो १९३५ साली सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्या स्थानकांत लोकांनी बॉम्बहल्ल्यांपासून खरोखरच आसरा घेतला होता. गेम खेळताना त्या जागेचा हा भूतकाळ भिंतींतून जाणवत राहतो.

या गेमची खरी ताकद त्याच्या अंधारात आहे. अंधार पुष्कळ गेममध्ये असतो, परंतु तो बहुधा निळसर, सुशोभित आणि खेळणाऱ्याच्या सोयीचा असतो. इथला अंधार आपल्याकडे काम मागतो. आर्त्योमजवळ विजेरी आहे, पण तिची बॅटरी मंदावत जाते आणि ती पुन्हा तेजाळावी म्हणून हातात धरायचे एक छोटे यंत्र काढून त्याचा दांडा वारंवार दाबावा लागतो. तो दांडा दाबताना होणारी करकर ऐकून मला प्रत्येक वेळी गावाकडचा हापसा आठवतो. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेलेली असली की हापसा नुसता खडखडतो, हात भरून येतात, आणि मग बऱ्याच वेळाने पाइपातून घरघर येऊन पाण्याची बारीक धार सुटते. बोगद्यात उभे राहून तो दांडा हापसताना एक हात गुंतलेला असतो, बंदूक खाली गेलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी मागे काहीतरी सरपटल्याचा आवाज येतो. उजेड मिळवायचा तर काही क्षण स्वतःला उघडे पाडावे लागते, असा हा व्यवहार आहे.

आम्हा मराठवाड्यातल्या मुलांना शाळेच्या सहलीत अंधाराची एक ओळख झालेली असते. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर ‘अंधारी’ नावाचा वळणावळणाचा भुयारी मार्ग आहे. खडकात कोरलेल्या त्या मार्गात शत्रू शिरला की त्याने आपल्याच माणसांवर तलवार चालवावी, अशी त्याची रचना असल्याचे वाटाडे सांगतात. सातवीत असताना आमच्या वाटाड्याने मध्येच हातातला टेंभा अंगाआड धरला, तेव्हा चाळीस मुलींची बडबड एकदम थांबली होती. वटवाघळांचा दर्प, पायाखालची ओल, आणि शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीचा श्वास. तो श्वास मैत्रिणीचाच आहे याची खात्री करण्यासाठी मी तिचा हात चाचपला होता. ‘मेट्रो’मधल्या बोगद्यांत मला तोच अनुभव आला, आणि मनात आले की ज्याने हे बोगदे रचले त्याला अंधारात आधी कान जागे होतात हे पक्के ठाऊक असले पाहिजे.

श्वासाविषयी आणखी थोडे सांगायला हवे. जमिनीवर, म्हणजे उद्ध्वस्त मॉस्कोच्या पृष्ठभागावर, हवा विषारी आहे. तिथे गॅस मास्क घालावा लागतो आणि मास्कचा फिल्टर ठरावीक मिनिटेच टिकतो. किती वेळ उरला, हे पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांनी लिहून येत नाही, ते आर्त्योमच्या मनगटावरच्या घड्याळात पाहावे लागते. फिल्टर संपत आला की श्वास जड होतो, काचेवर वाफ धरते, आणि झटापटीत काचेला तडा गेला तर तो तडा मास्क बदलेपर्यंत डोळ्यांसमोर राहतो. मी पहिल्या वेळी घड्याळाकडे इतकी पाहत राहिले की शहराकडे पाहायचेच राहून गेले. गोठलेल्या रस्त्यावरच्या मोटारी, खिडक्यांची रिकामी खोबणी, बर्फात अर्धवट पुरलेले पाळणे, हे सगळे मला दुसऱ्या वेळी दिसले. किल्लारीच्या जुन्या गावठाणात गेलेल्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने ते गाव जमीनदोस्त केले आणि पुढे लोक नव्या किल्लारीत राहायला गेले. वडिलांसोबत मी तिथे एकदा गेले होते. गवतात उभ्या राहिलेल्या एका पडक्या भिंतीत दिवा ठेवायची देवळी तेवढी शाबूत होती. घर गेले तरी दिव्याची जागा ओळखता येत होती. ‘मेट्रो’ची उद्ध्वस्त नगरी तशीच रचलेली आहे: तिथे कोणी राहत होते, हे एखाद्या कपाटावरून, एखाद्या खेळण्यावरून कळत राहते.

हे वातावरण ज्यांनी घडवले त्यांचीही गोष्ट आहे. या गेमचे मूळ प्रकाशक असलेल्या टीएचक्यू कंपनीचे अखेरचे अध्यक्ष जेसन रुबिन यांनी २०१३ साली लिहिले होते की फोर-एचे लोक कीव्हमध्ये घडीच्या खुर्च्यांवर, कोपराला कोपर लावून बसून काम करत, वीज जाणे हे तिथे नेहमीचे होते, आणि त्यांच्या हाती असलेला पैसा मोठ्या स्पर्धकांच्या तुलनेत दहा टक्के इतकाच होता. हे वाचल्यावर मला त्या हापशासारख्या यंत्राचा उगम समजल्यासारखा वाटला. भारनियमनाच्या वेळापत्रकावर ज्यांचे अभ्यास, गिरण्या आणि मोटारी चालल्या, त्यांना विजेरीत सेल शिल्लक आहेत की नाहीत याची चिंता शिकवावी लागत नाही. आणि २०२२ साली, ज्यांनी भुयारात जगणाऱ्या माणसांचा गेम केला त्यांच्याच शहरातली माणसे बॉम्बहल्ल्यांच्या रात्री मेट्रो स्थानकांच्या फलाटांवर चटया टाकून झोपली. त्या युद्धाला विरोध केल्याबद्दल ग्लुखोव्हस्की यांना मॉस्कोच्या न्यायालयाने २०२३ साली त्यांच्या गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा सुनावली. आज तो गेम उघडताना हे बाजूला ठेवून खेळणे मला जमत नाही.

आता त्या गोळीकडे येते. मेट्रोच्या जगात नाणी नाहीत, नोटा नाहीत. युद्धापूर्वी तयार झालेली लष्करी प्रतीची काडतुसे हेच चलन आहे. भुयारातल्या कारखान्यांत भरलेली काळपट, कमकुवत काडतुसे रोजच्या वापराची, आणि ही चकचकीत काडतुसे तिजोरीची. गंमत म्हणून नव्हे तर गरज म्हणून ती बंदुकीत भरताही येतात आणि ती अधिक घातकही असतात, म्हणजे जीव वाचवण्यासाठी आपण अक्षरशः पैसे झाडत असतो. अशा जगात भीक मागणाऱ्याला एक काडतूस देणे म्हणजे काय, हे लक्षात घ्यायला हवे. देणारा आपल्या सुरक्षिततेचा एक तुकडा काढून देतो. गेम त्यासाठी कोणतेही बक्षीस जाहीर करत नाही. क्षणभर पडद्यावर फिकट उजेड पसरतो, एक मंद नाद ऐकू येतो, आणि पुन्हा सगळे पूर्ववत होते. पहिल्या वेळी असा उजेड माझ्या पडद्यावरही दोन-चारदा चमकला असणार, पण संगणकाच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा तो दोष असावा, असे समजून मी पुढे गेले होते.

दुर्मीळ वस्तूचे चलन होते म्हणजे काय, हे लातूरकरांना २०१६ साली कळले. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागू झाली होती. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची ‘जलदूत’ रेल्वे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिल्यांदा शहरात आली, आणि पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. मी तेव्हा अकरावीत होते. बाहेरगावाहून क्लाससाठी आलेली बरीच मुले गावाकडे परतली होती. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा आणि एका घराला एक बॅरल पाणी मिळायचे. आई त्या बॅरलमध्ये रोज सकाळी एक कळकाची काठी बुडवायची आणि बाहेर काढून ओली खूण कुठवर आली ते पाहायची. कोळशाने काठीवर सात रेघा ओढलेल्या होत्या. ओल तिसऱ्या रेघेच्या खाली असेल त्या दिवशी अंघोळी नसत, दुसऱ्या रेघेच्या खाली असेल तर भांडी राखेने घासून फडक्याने पुसून ठेवायची. आर्त्योमच्या घड्याळाकडे मी जशी पाहत राहिले, तशीच त्या उन्हाळ्यात त्या काठीकडे पाहत असे.

गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्या राहत. मुलगा पुण्याकडे कामाला, टँकर आला की रांगेत ढकलाढकली करायचे त्यांचे वय नव्हते. आई त्यांना एका दिवसाआड एक कळशी देत असे. एके दुपारी आई रेशन दुकानावर गेलेली असताना त्या दाराशी आल्या, कळशी कमरेवर, पदर डोक्यावर. “पोरी, माय नाही का घरात? कळशीभर असंल तर दे बाई,” त्या म्हणाल्या. मी सकाळीच काठी पाहिली होती. ओल दुसऱ्या रेघेच्या खाली बोटभर उतरलेली होती आणि टँकर कधी येणार हे कोणालाच माहीत नव्हते. मी म्हणाले, “आज नाही आजी, संपलंय.” त्यांनी काही विचारले नाही. बॅरल आतल्या खोलीत होते, त्यावर पत्र्याचे झाकण होते, ते त्यांना दारातून दिसतही असेल. “असू दे, असू दे,” म्हणत त्या रिकामी कळशी घेऊन उन्हातून परत गेल्या. संध्याकाळी आईने बॅरलचे झाकण काढले, काठी बुडवली, खूण पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारले, “आजी आल्या नव्हत्या का?” मी नाही म्हणाले. आईने आणखी काही विचारले नाही, आणि अंधार पडल्यावर कळशी भरून ती स्वतःच गल्लीच्या टोकाला गेली.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. गेमविषयी लिहिताना ती सांगावी लागते आहे, कारण भावाने मनोऱ्याबद्दल विचारले त्या रात्री मला तीच आठवली. त्या दुपारी काही काळवंडले नाही, कोणता नाद झाला नाही. मी आत येऊन पुस्तक उघडले आणि अभ्यासही केला.

‘मेट्रो २०३३’ची नैतिक रचना मला इतकी जवळची का वाटते, याचे उत्तर इथे आहे. इतर बऱ्याच गेममध्ये निवडीचा प्रसंग आला की गेम थांबतो, दोन वाक्ये पडद्यावर येतात, एक सज्जनपणाचे आणि एक दुष्टपणाचे, आणि खेळणारा त्याला कोण व्हायचे आहे ते ठरवतो. तिथे आपण नैतिक परीक्षेला बसलो आहोत हे आधीच कळते, आणि परीक्षेत माणूस जसा वागतो तसा तो घरी वागत नाही. ‘मेट्रो’ परीक्षेची वेळ सांगत नाही. एका प्रसंगी आर्त्योम एका लहान मुलाला पाठीवर घेऊन राक्षसी जनावरांतून वाट काढतो आणि त्याच्या आईपर्यंत पोहोचवतो. तो मुलगा पाठीवर असताना बंदूक जड होते, वळायला वेळ लागतो, नेम हलतो. आई कृतज्ञतेने मूठभर काडतुसे पुढे करते. ती घ्यायला काहीच हरकत दिसत नाही, ती कमावलेलीच आहेत, आणि पुढे उपयोगी पडणार आहेत. मी पहिल्या वेळी घेतली. दुसऱ्या वेळी मी तिच्या हाताकडे न पाहता तिच्यामागच्या बिछान्याकडे पाहिले, आणि पुढे केलेला तो हात तसाच सोडून निघाले.

परंतु देण्या-नाकारण्याच्या या प्रसंगांपेक्षाही मला अधिक मोलाचे वाटते ते हे, की हा गेम नुसते ऐकणेही हिशेबात धरतो. स्थानकावर दोन माणसे शेगडीशी बसून बोलत असतात, कोणी गिटार वाजवत असतो, एखादी बाई पोराला समजावत असते. त्यांच्या बोलण्यातून पुढच्या वाटेची माहिती मिळेलच असे नाही. त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत उभे राहणे, एवढेच काही ठिकाणी पुरते. आर्त्योमचे शेवटचे सामर्थ्य डार्क वन्सचे म्हणणे ऐकू शकण्यात आहे. ते हल्ला करत नव्हते, बोलू पाहत होते, हे शेवटी उमगते. ज्याने वाटेत कोणाचेच ऐकले नाही, त्याला मनोऱ्यावर अचानक ऐकू येईल असे गेमला वाटत नाही, म्हणून तो त्याच्यासमोर निवड ठेवतच नाही. बारा-चौदा तासांच्या खेळात विखुरलेल्या लहानसहान थांबण्यांनी मिळून ते दार उघडते किंवा बंद राहते, ही मांडणी मला अतिशय प्रामाणिक वाटते.

वातावरण आणि नीती इथे एकमेकांत कशी गुंतली आहेत, हे दाखवणारा माझा सर्वांत आवडता भाग लेनिन ग्रंथालयाचा. मी स्वतः एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे असेल, पण त्या दालनांत शिरताना मला धडधडले. कोसळलेले कठडे, धुळीत भिजलेल्या सूचिपत्रांचे खण, आणि कपाटांमागे फिरणारे ‘लायब्ररियन’ नावाचे प्रचंड, करड्या अंगाचे जीव. त्यांच्यावर गोळ्या वाया जातात. वाचायचा मार्ग एकच: त्यांच्या नजरेला नजर द्यायची, पाठ फिरवायची नाही, आणि पावलापावलाने मागे सरकायचे. हातात बंदूक असलेल्या गेममध्ये ती न चालवता कोणाच्या तरी डोळ्यांत स्थिर पाहायला लावणे, हे धाडस आहे. त्याआधी खान नावाचा वाटाड्या एका बोगद्यातून नेतो. युद्धाने स्वर्ग आणि नरकही जाळून टाकले, त्यामुळे मेलेल्यांना जायला जागा उरली नाही, असे तो मानतो. विजेरीच्या झोतात भिंतीवर माणसांच्या सावल्या चालताना दिसतात, पण माणसे दिसत नाहीत. खान सांगतो की त्यांना त्रास देऊ नकोस. आपल्याकडे आषाढात, पितृपक्षात ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून अशा गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना खानचा आवाज परका वाटायचा नाही.

या गेममध्ये उणिवाही आहेत आणि त्या मला खटकतात. नैतिक गुण दडलेले आहेत तोवरच ही रचना खरी राहते. कुठे कुठे थांबले की गुण मिळतात हे कोणी एकदा सांगितले, की भिकाऱ्याला दिलेले काडतूस गुंतवणूक होऊन बसते. काही गुण केवळ एखादा आडबाजूचा कोपरा शोधल्याबद्दल मिळतात, आणि कुतूहलाला सहृदयतेच्या पंक्तीत बसवणे मला पटत नाही. आर्त्योम गेम सुरू असताना कोणाशी एक शब्द बोलत नाही, मात्र दोन प्रकरणांच्या मध्ये तोच निवेदन करतो. त्याच्या गप्प राहण्याला पहिल्या भागात अर्थ आहे, पुढे बायको समोर बसून बोलत असतानाही तो गप्प राहतो तेव्हा ते कृत्रिम वाटते. आणि बायकांचे चित्रण तर फारच अपुरे आहे. पहिल्या भागात बायका जवळजवळ पार्श्वभूमीपुरत्या आहेत, २०१३ च्या दुसऱ्या भागात त्या बऱ्याचदा पाहण्यापुरत्या. पाण्याची, धान्याची, शेगडीची चिंता ज्या बायकांच्या डोक्यावर असते, त्यांच्याशिवाय भुयारातले एकही स्थानक वीस वर्षे टिकले नसते, हे मराठवाड्यात वाढलेल्या कोणालाही सांगता येईल.

तरीही तो दुसरा भाग, ‘मेट्रो: लास्ट लाइट’, मी मनापासून मानते, कारण त्याने मनोऱ्याचा पेच सोडवण्यासाठी कठीण वाट निवडली. क्षेपणास्त्रे पडली, असे धरूनच त्याची कथा सुरू होते. म्हणजे मी ज्या शेवटावर पोहोचले होते, माझ्या नकळत, तोच शेवट पुढच्या गोष्टीत खरा ठरला. आर्त्योमला आता त्या विध्वंसाबद्दल पदक मिळाल्यासारखा मान आहे आणि तो त्याला पेलवत नाही. मग कळते की डार्क वन्सपैकी एक पिल्लू वाचले आहे. ज्याच्या साऱ्या कुळाला आपण जाळले, त्याच्या सोबतीने पुढचा प्रवास करायचा, तेच आपल्याला माणसांच्या मनातले दाखवणार, आणि तेच मधूनमधून विचारणार की तुम्ही असे का केलेत. इथे शरण आलेला शत्रू हात वर करून गुडघ्यांवर बसतो. त्याला मारता येते, बेशुद्ध करता येते, तसाच सोडूनही देता येतो. रणगाड्यांच्या आणि तोफांच्या गदारोळात हा भाग पहिल्याइतका कोंदट, दाट राहत नाही, पण नाट्यगृहाच्या स्थानकात एक म्हातारा हातांच्या सावल्यांनी पोरांना प्राणी दाखवतो, तो प्रसंग मी विसरू शकणार नाही. पोरांनी ते प्राणी कधी पाहिलेले नाहीत. ती आपल्या भुयारातल्या जनावरांची नावे घेतात. मी तो संपेपर्यंत तिथेच उभी राहिले.

२०१९ मध्ये आलेला ‘मेट्रो: एक्झोडस’ माणसांना ‘ऑरोरा’ नावाच्या आगगाडीत बसवून मॉस्कोबाहेर घेऊन जातो: व्होल्गाचा काठ, आटलेला कॅस्पियन, तैगाचे रान. आटलेल्या समुद्राच्या तळावर उभी जहाजे मला अवघड गेली नाहीत. भर उन्हाळ्यात मांजराच्या पात्रात तळाच्या भेगांतून चालत आम्ही गेलेलो आहोत. मोकळ्या आकाशाखाली पहिल्या भागाचा कोंडमारा उरत नाही, याची रुखरुख वाटते. पण हिशेबाची पद्धत तीच आहे, फक्त आता तो हिशेब माणसांत चुकवला जातो. वाटेत निष्पापांना मारत गेलात तर गाडीतले साथीदार एकेक करून गळतात, कोणी मरतो, कोणी मागे राहतो. शेवटी नोव्होसिबिर्स्कच्या किरणोत्सर्गात आर्त्योमचे रक्त नासते आणि त्याला दुसऱ्यांचे रक्त द्यावे लागते. ते देणारी माणसे गाडीत उरली आहेत की नाहीत, यावर त्याचे जगणे ठरते. आमच्याकडे टँकरच्या रांगेत एकमेकांचे नंबर धरून ठेवणाऱ्या बायकांना या शेवटाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

आजी २०१९ च्या दिवाळीनंतर गेल्या. त्यांच्या घराला आता कुलूप आहे. आमच्या घरातली ती काठी माळ्यावर अजून आहे, कोळशाच्या रेघा पुसट झाल्या आहेत, पण मोजता येतात.

परवा रात्री भाऊ ‘एक्झोडस’ दुसऱ्यांदा खेळायला बसला होता. आता पीसी त्याचा आहे, नवीन आहे, आणि मागे अंथरुणावर पडून बघण्याची पाळी माझी आहे. व्होल्गाकाठच्या एका पडक्या शेडमध्ये शेवटच्या माणसाने हत्यार टाकून हात वर केले. भावाच्या बंदुकीत गोळ्या कमी होत्या, त्या माणसाच्या पट्ट्याला फिल्टर दिसत होता, आणि मास्कच्या काचेवर वाफ धरू लागली होती. तो थोडा वेळ तसाच नेम धरून राहिला. मी त्याला काही सांगितले नाही. त्या माणसाचा श्वास आणि आर्त्योमचा श्वास, दोन्ही आवाज खोलीत ऐकू येत होते. मग भावाने मनगट वर करून घड्याळात पाहिले, बंदूक खाली घेतली आणि दाराच्या दिशेने चालू लागला.